क्लिअर कोट काचेसारखा सपाट कसा बसवावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. १:२४ प्रमाणाच्या (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढ्या) मॉडेल गाडीच्या बॉडीला आपण गडद निळा मेटॅलिक रंग दिला, त्यावर डिकल्स (पातळ फिल्मवरची छापील चित्रे व अंक) लावली आणि मग स्प्रे कॅनमधील लॅकर क्लिअरचे (रंगावर द्यायच्या, लवकर सुकणाऱ्या पारदर्शक लेपाचे) चार हात, म्हणजे थर, मारले. छपरावर संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा आला, बॉनेटवर पांढुरकी धुरकट झाक आली आणि दरवाजावरच्या अंकाचे डिकल कडेने चुरगळले. याऐवजी कोणता क्लिअर आणला तर काचेसारखी चमक येईल, असे आपण विचारले आहे.

कोणता क्लिअर घ्यावा याचे उत्तर पुढे देतो. पण नुसती बाटली बदलून आपली अडचण सुटेल असे मला वाटत नाही, कारण आपल्याला दिसलेले तिन्ही दोष वरवर वेगळे असले तरी त्यांचे मूळ एकच आहे: पृष्ठभागावर पडलेला थर किती वेळ ओला राहिला. छपरावर तो फारच थोडा वेळ ओला राहिला, म्हणून थेंब एकमेकांत मिसळण्याआधीच जागच्या जागी सुकले. डिकलवर तो गरजेपेक्षा जास्त वेळ ओला राहिला, म्हणून त्यातल्या द्रावकाने (लेप पातळ ठेवणाऱ्या, सुकताना उडून जाणाऱ्या द्रवाने) डिकलची पातळ फिल्म खाल्ली. बॉनेटवर तो सुकत असताना हवेतला ओलावा त्यात शिरला. ग्लॉस क्लिअर मारताना हा ओलेपणाचा काळ आपल्या ताब्यात ठेवणे हेच मुख्य काम आहे, आणि ते एकदा लक्षात आले की साध्या क्लिअरनेही उत्तम काम होते.

चमक म्हणजे काय, हे आधी पाहू. पृष्ठभाग सपाट असेल तर त्यावर पडलेला प्रकाश एकाच दिशेने परत येतो आणि दिव्याचे प्रतिबिंब रेखीव दिसते; पृष्ठभागावर बारीक उंचवटे असतील तर तोच प्रकाश चहूबाजूंना विखुरतो आणि डोळ्यांना मंदपणा जाणवतो. क्लिअरचा थर ओला असताना पृष्ठताणामुळे आपोआप सपाट होऊ पाहतो. त्याला पुरेसा वेळ आणि पुरेसा पातळपणा मिळाला तर तो आरशासारखा बसतो. द्रावक लवकर उडून गेला तर थर मध्येच घट्ट होतो आणि अर्धवट सपाट झालेल्या अवस्थेतच थांबतो. संत्र्याची साल म्हणतात ती हीच अवस्था.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. हवेतील उष्णता आणि दमटपणा, कॅन वापरता की एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारे पेनासारखे साधन), खालचा रंग कोणत्या जातीचा आहे, मॉडेल केवढे आहे, या सगळ्यांवर प्रमाण आणि अंतर बदलते. त्यामुळे खाली दिलेले आकडे माझ्या कामाच्या सवयीचे आहेत असे समजावे आणि ते आधी प्लॅस्टिकच्या चमच्यावर तपासून घ्यावेत. चमचा मी मुद्दाम सांगतो आहे, कारण त्याची पाठ फुगीर असते आणि बॉनेट किंवा छपरावर क्लिअर कसा वागेल याचा अंदाज सपाट तुकड्यापेक्षा त्यावर जास्त चांगला येतो. गाडीला जो प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) आणि जो रंग दिला, तोच त्या चमच्यालाही त्याच दिवशी द्यावा आणि बॉडीबरोबर तो शेवटपर्यंत सांभाळावा. क्लिअर, वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा घासकागद), कंपाउंड (पॉलिश करण्याची मलई) या प्रत्येक पायरीची पहिली चाचणी त्या चमच्यावर झाली की बॉडीवर हात धीटपणे चालतो.

क्लिअरखाली काय आहे, याकडे बहुतेक जण पुरेसे लक्ष देत नाहीत. खालच्या रंगात खरबरीतपणा असेल तर क्लिअर तो झाकत नाही. उलट वर चमक आल्याने तो अधिक उठून दिसतो. सुरुवातीला ओल्या थराखाली सगळे बुडाल्यासारखे वाटते, पण लॅकरमधला द्रावक पुढचे कित्येक दिवस हळूहळू बाहेर पडत राहतो, थर आकसत जातो आणि आठवड्याभराने खालचा पोत, डिकलची कड, प्रायमरमधला ओरखडा पुन्हा वर दिसू लागतो. म्हणून सपाटपणाचे काम प्रायमरपासूनच करावे. प्रायमर सुकल्यावर मी त्यावर १००० ते १५०० नंबरचा (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक) वॉटर पेपर पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवतो. त्यावरचा रंग एकरंगी असेल, म्हणजे साधा लाल, पांढरा, पिवळा वगैरे, तर त्यालाही २००० नंबरचा पेपर चालतो. मेटॅलिक रंगाला मात्र पेपर कधीही लावू नये. त्यातले धातूचे बारीक कण घासले गेले की त्या जागी रंगाची छटाच बदलते आणि तो डाग कितीही क्लिअर मारला तरी जात नाही. आपला निळा मेटॅलिक आहे, त्यामुळे त्याचा सपाटपणा प्रायमरवरच मिळवायला हवा होता. पुढच्या वेळी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

खालच्या थराची स्वच्छताही तितकीच महत्त्वाची. बोटाचा तेलकट ठसा राहिला असेल तर क्लिअर त्या जागेवरून मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. डिकल बसवण्याचे द्रव वापरले असेल, तर ते सुकल्यावर उरणारे डाग क्लिअरखाली कायमचे बंद होतात. म्हणून डिकल्स लावून निदान एक पूर्ण दिवस गेल्यावर मी बॉडी कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ ब्रशने पुसतो, साध्या पाण्याने धुतो आणि झाकून वाळत ठेवतो. त्यानंतर हातमोजे घातल्याशिवाय तिला स्पर्श करत नाही. बॉडी आतून एखाद्या बाटलीवर किंवा वाकवलेल्या तारेच्या स्टँडवर पक्की बसवावी, म्हणजे ती धरून सगळ्या बाजूंनी फिरवता येते.

आता क्लिअरच्या जाती. लॅकर क्लिअर लवकर सुकतो, कडक होतो, घासून पॉलिश करता येतो, आणि प्रत्येक नवा हात खालच्या हाताला थोडा विरघळवून त्याच्याशी एकजीव होतो. गाड्यांसाठी माझी पसंती यालाच आहे. मॉडेलच्या रंगांच्या ब्रँडपैकी मिस्टर कलरचा जीएक्स-१०० किंवा टामियाचा एक्स-२२ यांपैकी कोणताही चालेल. एक्स-२२ मुळात अॅक्रिलिक आहे, परंतु तो लॅकर थिनरमध्ये किंवा मिस्टर कलरच्या लेव्हलिंग थिनरमध्ये (थर सपाट बसायला मदत करणाऱ्या थिनरमध्ये) पातळ केला की त्याच्या स्वतःच्या थिनरपेक्षा कितीतरी सपाट बसतो. पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक वॉर्निश वासाला सौम्य असते आणि डिकलला सहसा इजा करत नाही. विमाने, रणगाडे यांवर डिकल लावण्यापूर्वीच्या ग्लॉससाठी ते पुरेसे आहे. पण ते मऊ राहते आणि घासायला गेले की कधी कधी पापुद्र्यासारखे सुटते, त्यामुळे गाडीवर आरशासारखी चमक हवी असेल तर मी ते घेत नाही. एनॅमल क्लिअर अतिशय सुंदर सपाट होतो, कारण तो फार सावकाश सुकतो. मात्र तेवढा वेळ तो धूळही गोळा करतो आणि वर्षांनी पिवळा पडतो, म्हणून पांढऱ्या गाडीवर तो नकोच. आणखी एक पथ्य: एनॅमल रंगावर लॅकर क्लिअर मारू नये. लॅकरचा तिखट द्रावक खालच्या एनॅमलला सुरकुत्या पाडतो. उलट क्रमाने, म्हणजे लॅकरवर एनॅमल, सहसा काही बिघडत नाही.

दोन भागांचा युरेथेन क्लिअर, ज्यात हार्डनर मिसळावा लागतो, त्याबद्दल अनेक जण उत्साहाने सांगतात, आणि त्याची चमक पॉलिश न करताही विलक्षण असते हे खरे आहे. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायने असतात. त्यांचा फवारा श्वासात गेल्यास दमा जडू शकतो, एकदा शरीराला त्याची संवेदनशीलता आली की पुढे अगदी थोड्या मात्रेचाही त्रास होतो, आणि वासावरून धोका ओळखता येत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा आणि वेगळी, हवा खेचणारी जागा नसेल तर घरी तो वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. साध्या लॅकरसाठीही सेंद्रिय वाफा शोषणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क, उघडी खिडकी आणि हवा बाहेर टाकणारा पंखा लागतोच. कापडी मास्कने वाफा अडत नाहीत. लॅकरच्या वाफा पेट घेणाऱ्या असतात, तेव्हा आसपास ज्योत किंवा ठिणगी असता कामा नये.

आता प्रत्यक्ष फवारणीकडे येऊ, कारण आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर इथेच आहे. ग्लॉस आणायचा तर थर ओला पडायला हवा. डिकल आणि मेटॅलिक रंग सांभाळायचे तर तो ओला पडता कामा नये. या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत आणि एकाच हातात त्या दोन्ही पुऱ्या होत नाहीत. म्हणून काम दोन टप्प्यांत करायचे असते. पहिल्या टप्प्यात दोन-तीन अगदी हलके हात, थोडे लांबून, नुसते धुके पडल्यासारखे. त्यातला बराचसा द्रावक वाटेतच उडतो, पृष्ठभागावर पडलेला थेंब डिकलमध्ये मुरण्याआधी सुकतो आणि मेटॅलिकचे कणही जागचे हलत नाहीत. मेटॅलिकवर पहिलाच हात जड मारला तर खालचा रंग विरघळून कण सरकतात आणि ढगाळ चट्टे पडतात. या धुक्याच्या हातांनंतर बॉडी खरबरीत आणि मंद दिसते. इथे बरेच जण घाबरून एकदम जड हात मारतात, किंवा आपल्यासारखे पुन्हा पुन्हा तेच हलके हात देत राहतात आणि साल वाढत जाते. प्रत्येक हलक्या हातामध्ये दहा ते पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत आणि शेवटच्या हलक्या हातानंतर अर्धा तास थांबावे.

दुसरा टप्पा ओल्या हातांचा. एअरब्रशने मी क्लिअरच्या एका भागाला लेव्हलिंग थिनरचा एक ते दीड भाग घेतो, ०.३ मिलिमीटरचे नोझल, दाब १८ ते २० पीएसआयच्या (हवेच्या दाबाच्या एककाच्या) आसपास आणि अंतर साधारण सात-आठ सेंटिमीटर. कॅन असेल तर अंतर १५ ते २० सेंटिमीटर. बॉडीच्या पलीकडे एक लांब नळीचा दिवा असा ठेवतो की त्याचे प्रतिबिंब मी ज्या भागावर फवारतो आहे त्या भागात दिसावे. फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करायचा, एका चालीने पलीकडे न्यायचा आणि बॉडीच्या बाहेरच बंद करायचा. पुढची चाल आधीच्या चालीच्या निम्म्या भागावर येईल अशी घ्यायची. डोळा फवाऱ्यावर ठेवायचा नाही, दिव्याच्या प्रतिबिंबावर ठेवायचा. सुरुवातीला त्या प्रतिबिंबाच्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या दिसतात. चाल योग्य असेल तर फवारा पुढे सरकताच मागे दाते विरघळू लागतात, कड थरथरते आणि दोन-तीन सेकंदांत एकदम सरळ रेघ होते. त्या क्षणी तिथे काम झाले. आणखी एक थेंबही नको. रेघ सरळ झाल्यावरही फवारा तिथेच राहिला तर ती फुगते, खाली झुकते आणि ओघळ सुरू होतो. उलट दाते तसेच राहिले तर हात जलद चालतो आहे, अंतर जास्त आहे किंवा मिश्रण घट्ट आहे. अंतर मोजून क्लिअर मारण्यापेक्षा प्रतिबिंब वाचून मारणे मला नेहमी जास्त भरवशाचे वाटले आहे, कारण हवा, नोझल, मिश्रण या सगळ्यांचा एकत्रित परिणाम त्या एका रेघेत दिसतो.

असे दोन ओले हात, मध्ये अर्धा तास सोडून, पुरेसे होतात. क्रमही ठरवून घ्यावा. मी आधी खालच्या कडा, चाकांच्या कमानी, खिडक्यांच्या चौकटी हलकेच घेतो, मग बाजू, आणि बॉनेट, छप्पर व डिकी शेवटी. कारण आडवे मोठे भाग सर्वांत जास्त नजरेत भरतात आणि ते शेवटी मारले की बाजूंचा उडालेला कोरडा फवारा त्यांच्यावर बसत नाही. आपल्या छपरावर साल जास्त आणि बाजूंवर कमी आली, त्यामागे हेही एक कारण असू शकते. डिकल असलेल्या दरवाजावर मात्र ओला हात नेहमीपेक्षा किंचित हलका ठेवावा आणि तिथे प्रतिबिंबाची रेघ पूर्ण सरळ होण्याआधीच पुढे सरकावे. राहिलेली कसर पॉलिशमध्ये भरून निघते. विरघळलेले डिकल परत मिळत नाही.

कॅनबद्दल एक गोष्ट. थंड कॅनचा दाब कमी असतो, त्यामुळे थेंब मोठे पडतात. वापरण्यापूर्वी कॅन हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवावा आणि चांगला हलवावा. उकळते पाणी, शेगडी, हीटर यांच्याजवळ तो कधीही नेऊ नये. ५० अंश सेल्सिअसच्या वर कॅन फुटण्याचा धोका असतो, हे त्यावरही छापलेले असते. जमल्यास कॅनमधला क्लिअर एका बरणीत काढून, त्यातला वायू निघून जाईपर्यंत झाकण सैल ठेवून, मग एअरब्रशने मारावा. ताबा कितीतरी वाढतो.

बॉनेटवरची पांढरी झाक हा हवेचा परिणाम आहे. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, तो भाग आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होतो आणि हवा दमट असेल तर त्यावर दव धरल्यासारखा ओलावा जमतो. तोच ओलावा सुकणाऱ्या थरात अडकून पांढुरका दिसतो. हवेत ६५-७० टक्क्यांहून जास्त आर्द्रता असेल त्या दिवशी मी ग्लॉस मारत नाही. थांबणे शक्यच नसेल तर थिनरमध्ये पाच ते दहा टक्के रिटार्डर घालतो. त्याने द्रावक सावकाश उडतो, पृष्ठभाग एकदम थंड होत नाही आणि थराला सपाट व्हायलाही वेळ मिळतो. मात्र रिटार्डर असलेला थर डिकलवरही जास्त वेळ ओला राहतो, त्यामुळे तो धुक्याच्या हातांत घालू नये.

धुळीविषयी फार लिहीत नाही. बंद खोली, फवारणीपूर्वी हवेत आणि जमिनीवर पाण्याचा बारीक शिडकावा, लोकरी कपडे नकोत, आणि हात संपताच बॉडीवर उलटा स्वच्छ डबा. ओल्या थरात केस किंवा कण पडला तर तो चिमट्याने काढायला जाऊ नये, खड्डा पडतो. तो तसाच सुकू द्यावा, नंतर पेपरने सहज निघतो.

इथवरचे सूत्र एका ओळीत सांगायचे तर खाली सपाट आणि स्वच्छ पाया, त्यावर धुक्याचे दोन-तीन हात, मग प्रतिबिंब पाहत दोन ओले हात. यानंतर येतो तो धीराचा भाग.

लॅकर तासाभरात बोटाला कोरडा लागतो, पण आतून तो मऊच असतो. इतक्यात पेपर लावला तर पृष्ठभाग घासला जाण्याऐवजी ओढला जातो, आणि पॉलिश केलेली चमक काही दिवसांनी आकसून पुन्हा मंद होते. मी कमीत कमी एक आठवडा, आणि हात जास्त झाले असतील तर दोन आठवडे थांबतो. कसोटी सोपी आहे: बॉडी बंद डब्यात रात्रभर ठेवावी आणि सकाळी डबा उघडताच नाक जवळ न्यावे. थिनरचा वास आला तर अजून द्रावक आत आहे.

मग पॉलिश. २००० नंबरचा वॉटर पेपर, पाण्यात एक थेंब भांड्याचा साबण, पेपरमागे मऊ स्पंजाचा तुकडा, आणि बोटाचा जोर जवळपास नाही. सालीचे उंचवटे घासले जाऊन तेवढे भाग मंद होतात आणि खोलगट जागा चमकत राहतात; चमकणारे ठिपके नाहीसे होऊन सगळा भाग सारखा मंद दिसला की थांबायचे. त्यानंतर ३०००, मग मायक्रोमेशचे (पॉलिशसाठीच्या अतिशय बारीक घासकापडाचे) ४०००, ६०००, ८००० आणि १२०००, आणि शेवटी मऊ सुती कापडाने बारीक पॉलिशिंग कंपाउंड. प्रत्येक नंबरनंतर बॉडी धुवावी, नाही तर आधीच्या नंबरचा एखादा कण राहून पुढे नवे ओरखडे पाडतो. फवारणीतच थर सपाट बसला असेल तर २००० पासून सुरुवात करण्याची गरज नाही. थेट ४००० किंवा नुसत्या कंपाउंडने काम होते.

या टप्प्यावर सर्वांत मोठा धोका कडांचा आहे. ओला क्लिअर पृष्ठताणामुळे धारदार कडेवरून मागे ओढला जातो, त्यामुळे बॉनेटची कड, दरवाजाची रेघ, मडगार्डची घडी या जागी थर मुळातच सर्वांत पातळ असतो, आणि पेपर फिरवताना जोर मात्र तिथेच सर्वांत जास्त पडतो. माझ्या एका चंदेरी गाडीच्या पुढच्या मडगार्डवर मी पाच-सहा जास्तीचे फेरे मारले, आणि कागदावरच्या पांढऱ्या लगद्यात एकाएकी राखाडी झाक दिसली. क्लिअर संपून पेपर मेटॅलिकला लागला होता. नखाएवढाही नव्हता तो डाग, पण त्यापायी ती बाजू मला पुन्हा रंगवावी लागली. तेव्हापासून मी पेपर लावण्यापूर्वी सगळ्या कडांवर आणि रेघांवर बारीक मास्किंग टेप चिकटवतो, आणि कडांना शेवटी फक्त कंपाउंड लावतो. पेपरवरच्या लगद्याचा रंग पाहत राहण्याची सवयही आपण लावून घ्यावी. तो पांढरा आहे तोवर आपण क्लिअरमध्येच आहोत.

घासायला भरपूर थर हवा म्हणून क्लिअरचे सात-आठ हात मारण्याचा सल्लाही दिला जातो. तो मी देणार नाही. प्रमाणाचा हिशेब पाहावा: मॉडेलवरचा ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर १:२४ च्या हिशेबाने खऱ्या गाडीवर १.२ मिलिमीटर जाडीचा होतो. खऱ्या गाडीच्या दरवाजाची चार-पाच मिलिमीटरची फट मॉडेलवर ०.२ मिलिमीटरच्या आसपास येते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना ५०-५० मायक्रॉन क्लिअर बसला की निम्मी फट बुजते. मग गाडी काचेत बुडवून काढल्यासारखी दिसते, रेघांचा रेखीवपणा जातो आणि चमक असूनही ती खेळण्यासारखी भासते. थोडा आणि सपाट थर हाच मला बरोबर वाटतो.

आता आपल्या हातातल्या गाडीचे काय करावे ते सांगतो. ती टाकून देण्याची किंवा सगळा रंग काढण्याची गरज नाही. आधी आठवडाभर तिला हात लावू नये. बॉनेटवरची झाक वरवरची असेल तर कोरड्या हवेच्या दिवशी नुसत्या लेव्हलिंग थिनरचा, रिटार्डरचे काही थेंब घालून, एक हलका फवारा बॉनेटवर द्यावा. वरचा थर पुन्हा सैल होतो, अडकलेला ओलावा निघून जातो आणि झाक बहुधा विरते. हा प्रयोगही आधी चमच्यावर करावा. छपरावरची साल २००० नंबरच्या पेपरने सारखी मंद होईपर्यंत घासावी. चार हात आहेत म्हणजे मधल्या भागात पुरेसा क्लिअर असणार; कडा टेपखाली ठेवाव्यात. घासलेले छप्पर धुऊन वाळवले की त्यावर दोन ओले हात प्रतिबिंब पाहत मारावेत. घासलेला पाया सपाट असल्याने या वेळी ते किती सहज बसतात हे आपल्यालाच जाणवेल.

दरवाजावरचे डिकल मात्र चुरगळले आहे आणि ते सरळ होणार नाही. सुरकुती फक्त कडेला असेल आणि अंकाच्या छापील भागापर्यंत पोचली नसेल, तर पूर्ण सुकल्यावर ती ३००० च्या पेपरने अलगद सपाट करून त्यावर धुक्याचे दोन हात द्यावेत. पारदर्शक फिल्मची कड सहसा मिसळून जाते. छापील अंकच वाकडा झाला असेल तर दरवाजाच्या चारही रेघांवर टेप लावून तेवढा दरवाजा डिकल पूर्ण जाईपर्यंत घासावा, लागलाच तर निळ्याचा हात पुन्हा द्यावा आणि जादा डिकल असल्यास ते लावावे. मेटॅलिकची छटा दरवाजापुरती किंचित वेगळी येण्याची शक्यता आहे. ती कमी करण्यासाठी निळा रंग मूळच्याच बाटलीतला, त्याच दाबाने आणि त्याच अंतरावरून मारावा, आणि क्लिअर मात्र दरवाजापुरता न मारता दोन्ही मडगार्डांच्या दरम्यानची संपूर्ण बाजू एकसलग घ्यावी.